पाय गरम म्हणजे रक्तपुरवठा चांगला, असं का समजू नये

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या डिचोलीत राहणाऱ्या वडिलांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांचे पाय कायम गरम लागतात, पावलांवरच्या शिरा फुगलेल्या दिसतात, कातडी कोरडी पडली आहे, दुखत मात्र काहीच नाही. घरचे म्हणतात, पाय गरम आहेत म्हणजे रक्त नीट पोचतंय. पण ताप भरताना त्यांचेच हात बर्फासारखे पडतात. मग हे गरम-थंड ठरवतं कोण, त्वचा की मेंदू? आणि पायांची काळजी करायची की नाही?

काळजी करायची. कारण कळण्यासाठी आधी दुसरा प्रश्न सोडवू.

त्वचेला स्वतःला जगायला रक्त फार थोडं लागतं. माणूस आरामात बसलेला असताना सगळ्या त्वचेतून मिळून मिनिटाला साधारण पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं. अंग खूप तापलं की हाच आकडा ६ ते ८ लिटरपर्यंत जातो आणि कडक थंडीत जवळजवळ शून्यावर येतो. धावताना स्नायूंनाही कितीतरी पट जास्त रक्त जातं, पण ते स्नायूंना स्वतःला हवं असतं म्हणून. त्वचेतलं हे जादा रक्त त्वचेसाठी नसतंच. ते आतली उष्णता बाहेर आणून टाकायला आलेलं असतं. म्हणून किती रक्त सोडायचं याचा निर्णय त्वचेवर सोडून चालत नाही, तो सगळ्या शरीराचा हिशेब ठेवणाऱ्या मेंदूलाच घ्यावा लागतो.

हे पहिल्यांदा दिसलं सशाच्या कानात. १८५१ साली फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतली अनुकंपी चेता (आपोआप चालणाऱ्या कामांचे निरोप नेणारी, इंग्रजीत ‘सिंपथेटिक’ नस) एका बाजूला कापली. त्या बाजूचा कान लाल झाला, हाताला गरम लागू लागला. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी कापलेल्या चेतेच्या वरच्या टोकाला विजेची उत्तेजना दिली, तेव्हा कान पुन्हा फिकट आणि थंड पडला. म्हणजे ती चेता रात्रंदिवस ‘आवळून धर’ असा निरोप नेत होती, आणि निरोप थांबताच रक्तवाहिन्या सैल सुटल्या. तुमच्या वडिलांच्या पायांचं कोडं इथेच अर्धं सुटतं: त्वचा गरम होण्यासाठी रक्तपुरवठा सुधारावाच लागतो असं नाही, वरून येणारा निरोप तुटला तरी पुरे.

आता निरोपाची वाट. त्वचेतल्या बारीक चेतांच्या टोकांवर थंड आणि गरम ओळखणारी प्रथिनं असतात. थंडी ओळखणाऱ्याला टीआरपीएम-८ म्हणतात. बामातलं मेंथॉल याच प्रथिनावर बसतं, म्हणून बाम चोळला की गार वाटतं. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ या उष्णता ओळखणाऱ्या प्रथिनावर बसतं, म्हणून झणझणीत कालवण खाल्लं की चेहरा लाल होऊन घाम फुटतो. या शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्वचेची ही बातमी मज्जारज्जूच्या मागच्या भागात शिरते, तिथून मेंदूच्या खोडात आणि पुढे हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राच्या पुढच्या टोकाला, प्रीऑप्टिक भागात पोचते. तिथे अशा चेतापेशी आहेत की त्या स्वतःभोवतीच्या रक्ताचं तापमानही जोखतात. त्वचेची बातमी आणि रक्ताचं तापमान यांचा मेळ इथे बसतो.

प्रीऑप्टिक भाग थेट रक्तवाहिन्यांना हुकूम देत नाही. खाली लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या खोडाच्या तळच्या भागात, मध्यरेषेवर रॅफे नावाचा पेशींचा पट्टा आहे. त्वचेच्या वाहिन्या आवळायची आज्ञा तिथून सुटते. अंग तापलेलं असेल तेव्हा प्रीऑप्टिक भाग रॅफेला दाबून धरतो, अंग गार पडू लागलं की पकड सैल करतो. रॅफेतून निघालेला निरोप मज्जारज्जूच्या छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागात उतरतो, तिथून कण्याच्या बाजूच्या अनुकंपी साखळीत आणि मग बारीक, वेष्टण नसलेल्या तंतूंवरून त्वचेत पोचतो. तंतूंच्या टोकातून नॉरॲड्रेनॅलिन झिरपतं आणि धमनिकांचे स्नायू आवळले जातात. पावलांपर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब असतात. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

सगळी त्वचा मात्र एकसारखी वागत नाही. तळहात, तळपाय, ओठ, नाक आणि कान इथे धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या आखूड, जाड भिंतीच्या वाहिन्या असतात. मी त्यांना आडवाटा म्हणेन. केशवाहिनीच्या कित्येक पट रुंद अशी ही वाट उघडली की रक्त केशवाहिन्यांना वळसा घालून सरळ शिरांत उतरतं आणि हात-पाय रेडिएटरसारखे उष्णता टाकू लागतात. आडवाटांचा ताबा केवळ आवळणाऱ्या चेतांकडे असतो. निरोप आला की बंद, थांबला की सताड उघड्या. बाकीच्या केसाळ त्वचेत, म्हणजे दंड, पाठ, पोट, मांड्या इथे, दुसरी यंत्रणाही आहे: उकाड्यात अनुकंपी तंतूंचाच एक वेगळा गट ॲसिटिलकोलीन आणि त्याच्याबरोबरची काही रसायनं सोडून वाहिन्या मुद्दाम रुंदावतो. जोराच्या उकाड्यात तिथल्या रक्तप्रवाहाची ८० ते ९० टक्के वाढ या दुसऱ्या यंत्रणेतून येते. घामही साधारण त्याच सुमारास सुरू होतो.

आता ताप भरतानाचे बर्फासारखे हात. जंतुसंसर्गात शरीरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार होतं आणि प्रीऑप्टिक भागातल्या पेशींना गप्प करतं. रॅफेवरची पकड सुटते. मेंदूच्या लेखी आता ३७ अंश म्हणजे गारठा. म्हणून आडवाटा बंद, हातपाय थंड, अंगावर काटा, हुडहुडी. आतलं तापमान चढत असताना बोटं थंड असतात ती याचमुळे. या टप्प्यात थंड पाण्याच्या पट्ट्यांचा मारा केला तर त्वचेकडून ‘गारठा, गारठा’ अशीच बातमी जाते, वाहिन्या आणखी आवळतात आणि हुडहुडी वाढते. पातळ चादर द्या, पाणी आणि पेज देत राहा. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, मेंदूचा नेम, म्हणजे त्याने ठरवलेलं तापमान, खाली येतो, तळवे गरम होतात, घाम फुटतो आणि ताप उतरतो. तळवे गरम झाले की ताप वळला, असं जुनी माणसं म्हणतात ते अगदी शास्त्राला धरून आहे.

उष्माघात ही याच्या उलट गोष्ट आहे आणि दोन्हींत गल्लत झाली तर जीव जातो. उष्माघातात मेंदूचा नेम चढलेला नसतो, उष्णता टाकण्याची क्षमता संपलेली असते. तिथे पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही. उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला थंड करत राहा. थंड पाण्याने त्वचेच्या वाहिन्या आवळतात, म्हणून उष्णता आतच कोंडेल, हा समज सुशिक्षितांतही आहे. वाहिन्या काही प्रमाणात आवळतात हे खरं, पण थंड पाणी आणि तापलेलं अंग यांच्यातला फरक इतका मोठा असतो की उष्णता तरीही झपाट्याने निघते. मोठ्या टपात मासळीचा बर्फ घातलेल्या पाण्यात मानेपर्यंत बसवणं हा सर्वांत वेगवान उपाय. डोकं पाण्याबाहेर धरायला एक माणूस सतत हवा. टप नसेल तर अंगभर पाणी ओतत राहा आणि जोराचा वारा घाला. पहिल्या अर्ध्या तासात आतलं तापमान ४० अंशांच्या खाली आणलं तर वाचण्याची शक्यता फार वाढते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

गोव्याच्या उकाड्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे आकड्यांची फसगत होते. मे महिन्यात पणजीचं कमाल तापमान साधारण ३३-३४ अंशच असतं. नागपूरच्या माणसाला ते काहीच वाटणार नाही. पण दमट हवेत घाम सुकत नाही, ठिबकतो. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता नेतो, जमिनीवर ठिबकला तर जवळजवळ काहीच नेत नाही. घाम सुकत नाही म्हणून त्वचा गार होत नाही, आणि त्याचा भार रक्ताभिसरणावर पडतो. हिशेब करून पाहा. कुळागरात माती ओढणाऱ्या माणसाच्या शरीरातून ३०० वॅट, म्हणजे मिनिटाला १८ किलोज्यूल, उष्णता त्वचेपर्यंत आणायची आहे. एक लिटर रक्त एका अंशाच्या फरकाला सुमारे ३.८ किलोज्यूल वाहतं. आतलं तापमान त्वचेपेक्षा ४ अंश जास्त असेल तर मिनिटाला सव्वा लिटरच्या आत काम भागतं. त्वचाच तापून फरक एका अंशावर आला तर त्याच कामाला पावणेपाच लिटर लागतं. सबंध शरीराचं आरामातलं रक्ताभिसरण पाच लिटरच्या आसपास असतं. म्हणजे हृदयाला स्नायूंचं काम करून वर आणखी एक शरीर पोसल्यासारखं होतं. वृद्धांच्या वाहिन्या तितक्या रुंदावत नाहीत, हृदयाचीही ताकद कमी असते, म्हणून दमट दिवसांत ते आधी कोसळतात.

त्यात काही औषधांची भर पडते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात, बीटा-ब्लॉकर हृदयाचा वेग अडवतात, मूत्राशयाच्या काही गोळ्या आणि सर्दीच्या झोप आणणाऱ्या जुन्या प्रकारच्या गोळ्या ॲसिटिलकोलीन अडवून घाम रोखतात. ही औषधं मनाने बंद करू नका. मार्च उजाडला की डॉक्टरांना यादी दाखवून उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, एवढं विचारा. आणि उर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, नेमका याच महिन्यांत येतो. दारूने त्वचेच्या वाहिन्या सुटतात, लघवी वाढते, आणि भर दुपारी बसल्या जागेवरून उठताना रक्तदाब खाली येऊन माणूस पडतो. पावसात भिजून आल्यावर ‘फेणीने ऊब येते’ म्हणतात, ती ऊब म्हणजे आतली उष्णता कातडीवर येऊन निसटत असल्याची जाणीव आहे.

मनाचा भागही याच वाटेवरचा. भीती, अपमान, परीक्षेची धास्ती यांचा निरोप मेंदूच्या भावनेच्या केंद्रांतून खाली अनुकंपी चेतांत उतरतो आणि बोटं थंड पडतात. घरी ऑक्सिमीटर असेल आणि त्यावर नाडीची लाट दिसत असेल तर हे डोळ्यांनी पाहता येतं. हात उबदार असताना दहा मिनिटं शांत बसा, मग एकदाच झटकन खोल श्वास घ्या. तीन ते पाच सेकंदांनी लाटेची उंची घटते आणि थोड्या वेळाने पूर्ववत होते. उशीर लागतो तो या तंतूंतून निरोप सेकंदाला जेमतेम एक मीटर धावतो म्हणून. १०० मधून सात-सात वजा करत गेलात तरी लाट लहान होईल. काही ऑक्सिमीटर लाट आपोआप मोठी करून दाखवतात, त्यांच्यावर फरक दिसत नाही, मग आपल्या चेता बिघडल्या असं समजू नका. हात आधीच थंड असेल तरीही काही दिसणार नाही, कारण वाहिन्या आवळलेल्याच असतात.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने १८१९ साली पॅरिसमध्ये मांडलं की संमोहनात कुठलाही चुंबकीय द्रव काम करत नाही, जे घडतं ते त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनात घडतं. सूचनेने बोटांचं तापमान बदलतं हे पुढे मोजून पाहिलं गेलं. त्यावर उपचार उभारायचे प्रयत्नही झाले, पण थंडीत बोटं पांढरी, मग निळी, मग लाल पडतात त्या रेनो विकारात रुग्णांवरच्या चाचणीत बोटं गरम करण्याचं प्रशिक्षण निफेडिपिन या वाहिन्या सैल करणाऱ्या औषधाच्या तोडीचं ठरलं नाही. शांत राहण्याने फायदा होतो, औषधाची जागा तो घेत नाही. गोव्याच्या हवेत पांढरी बोटं हे लक्षण पहिल्यांदाच तिशीनंतर दिसलं, एकाच हाताला असलं, किंवा बोटाच्या टोकावर जखम झाली, तर संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवा. त्यामागे त्वचा कडक करणारा आजार असू शकतो.

जेटीवर बर्फात हात घालून मासळी निवडणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिली असेल: पहिली काही मिनिटं बोटं जीव जाईल अशी दुखतात, मग पाच-दहा मिनिटांनी आपोआप ऊब येते, पुन्हा जाते. अति थंडीत वाहिनीचा स्नायू आणि त्याची चेता दोन्ही बधिर होतात, पकड सुटते, रक्त येतं, बोट तापलं की पकड पुन्हा बसते. ही स्थानिक घडामोड आहे, पण मेंदूचा हात इथेही आहे: सगळं अंग गार पडलेलं असेल तर ही ऊब उशिरा येते आणि कमी येते. म्हणून हातमोज्याइतकाच कोरडा सदरा आणि उबदार छाती-पाठ महत्त्वाची. धड उबदार ठेवलं की मेंदू बोटांना रक्त सोडतो.

आता वडिलांचे पाय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त, २६.४ टक्के निघालं. म्हणजे असे पाय आपल्याकडे घरोघरी आहेत. मधुमेहात बारीक आणि लांब तंतू आधी मरतात, म्हणजे पावलांचे. त्याच तंतूंतून दुखणं जाणवतं, घाम येतो आणि ‘आवळून धर’ हा निरोप जातो. तिन्ही एकदम जातात. म्हणून दुखत नाही, कातडी कोरडी पडून भेगा जातात, आणि आडवाटा उघड्या राहून पाय गरम, शिरा भरलेल्या. रक्त येतं, पण बरंचसं केशवाहिन्यांना न भेटताच परत फिरतं. जखम भरायला केशवाहिन्यांतलं रक्त लागतं. त्यातच मोठ्या धमन्याही अरुंद झालेल्या असू शकतात आणि वरच्या उबेमुळे त्याचा संशयच येत नाही.

तपासणीत चार गोष्टी मागा. १० ग्रॅमचा मोनोफिलॅमेंट (तळव्यावर टोचून पाहायचा नायलॉनचा धागा) आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, हे संवेदनेसाठी. घोट्याचा रक्तदाब भागिले हाताचा रक्तदाब, हा निर्देशांक धमन्यांसाठी: ०.९ च्या खाली आला तर धमनी अरुंद आहे. १.४ च्या वर आला तर धमनी चुन्याने कडक झाली आहे आणि आकडा विश्वासाचा नाही, याला ‘उत्तम’ समजून घरी पाठवलं जातं ते चूक. अशा वेळी चौथी गोष्ट, पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब. तो ३० मिमीच्या खाली असेल तर जखम आपोआप भरणं अवघड. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात याची चौकशी करा.

घरी दोन्ही पावलांचं तापमान मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर चालेल, पण त्याला ‘सरफेस’ मोडवर टाका, कपाळाच्या मोडमध्ये यंत्र आकड्यात स्वतःची दुरुस्ती मिसळतं. मोज्या-चपला काढून, पंख्याच्या थेट झोताबाहेर पंधरा मिनिटं पाय सारख्याच जागी ठेवायचे, एक लादीवर आणि एक पाटावर असं नको. पाय कोरडे हवेत, ओल्या त्वचेचा आकडा खाली येतो. अंगठा, अंगठ्यामागचा उंचवटा, पावलाचा मध्य आणि टाच, अशा चार जागा दोन्हीकडे, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून. दोन्ही पाय सारखेच गरम असतील तर तो जुना चेतादोष. एकाच जागी एक पाय दुसऱ्यापेक्षा २ अंशांनी किंवा त्याहून जास्त गरम निघाला आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, तर आत हाड किंवा सांधा मोडत असू शकतो, किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. मधुमेहात सांधा मोडतो तेव्हा पाय लाल, सुजलेला, गरम असतो आणि दुखणं नावापुरतंच असतं. त्या दिवसापासून त्या पायावर भार देणं बंद, आणि लगेच डॉक्टर. पहिल्या दिवसांतला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, त्यावर निर्धास्त होऊन चालू लागलात तर पावलाची कमान बसू शकते. प्लास्टर घालून भार काढणं हाच तिथे मुख्य उपचार आहे.

बाकी रोजचं: रात्री पायांना खोबरेल किंवा साधं मलम, बोटांच्या बेचक्यांत मात्र नको. आंघोळीचं पाणी कोपराने तपासा, पायाने नाही. गरम पाण्याची पिशवी पायांना कधीच लावू नका. देवळाच्या प्रांगणात एप्रिल-मेच्या दुपारी अनवाणी चालू देऊ नका, फोड येईपर्यंत त्यांना कळणार नाही. सकाळी लवकर दर्शन घेतलेलं बरं. पावसाळ्यात ओल्या चपला दिवसभर पायांत राहिल्या की बेचक्यांत चिखल्या होतात आणि तिथून जंतू शिरतात, म्हणून घरी आल्यावर बेचकं न बेचकं कोरडं पुसा आणि त्याच वेळी आरशाने तळवा बघून घ्या.